गुलमर्गला जायचंय, पण स्की येत नाही: वाचकांचे प्रश्न

हिवाळ्याच्या सुट्टीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं तर निम्म्याहून जास्त पत्रं गुलमर्गचीच आली. त्यातली बरीचशी अशा लोकांची की घरात कुणाला तरी स्कीचं वेड लागलंय आणि बाकीच्यांना आपलं काय होणार याची काळजी. म्हणून या वेळचं सदर फक्त गुलमर्गवर. मनाली-औलीवाल्यांनी रागवू नका, तुमची पाळी येईल.

नवरा आणि मुलगा (वय १९) दोघांनाही स्की शिकायचंय म्हणून गुलमर्गला पाच दिवस राहायचं ठरलंय. माझा गुडघा दुखतो आणि सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. आम्ही दोघींनी पाच दिवस हॉटेलच्या खिडकीत बसून काय करायचं? त्यापेक्षा आम्ही श्रीनगरलाच थांबू का? — एक वाचक, नाशिक

ताई, श्रीनगरला अजिबात थांबू नका. म्हणजे एक-दोन दिवस थांबा, दल सरोवर बघा, पण सगळे दिवस नको. गुलमर्ग म्हटलं की आपल्याकडची बहुतेक मंडळी श्रीनगरहून सकाळी निघतात, दहा-अकराला पोचतात, गंडोलाच्या (म्हणजे केबल कारच्या) रांगेत उभी राहतात, स्लेजवाल्यांशी भांडतात, मॅगी खातात आणि चारला परत, आणि मग घरी येऊन सांगतात की काय गर्दी हो. गर्दी असणारच, सगळे त्याच पाच तासांत येतात ना! सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर गुलमर्ग वेगळंच असतं, आणि ते फक्त तिथे राहणाऱ्याला मिळतं. खरं सांगू का, या राहण्याचा फायदा स्की करणाऱ्यापेक्षा न करणाऱ्यालाच जास्त होतो, कारण स्कीवाला दिवसभर उतारावर आपटून संध्याकाळी सातला झोपलेला असतो.

गुलमर्ग म्हणजे २,६५० मीटर उंचीवरचं मोठं वाटीसारखं कुरण, आजूबाजूला पाइन आणि फरचं जंगल. उन्हाळ्यात जिथे १८ होलचं गोल्फ कोर्स असतं तिथे हिवाळ्यात पाच-सहा फूट बर्फ साठतो. या कुरणाच्या कडेकडेनं बर्फ काढलेला रस्ता असतो, त्यावरून हळूहळू चालायला गुडघ्याला फार त्रास होत नाही, फक्त बुटाला अडकवायचे काटे (क्रॅम्पॉनचा छोटा भाऊ, घाटाखालच्या टंगमर्ग गावात भाड्यानं किंवा विकत मिळतात) नक्की लावा, कारण दुपारनंतर वितळलेलं पाणी गोठतं आणि रस्ता काचेसारखा होतो. वाटेत सेंट मेरी चर्च आहे, इंग्रजांच्या काळातलं, १९०२ चं, दगडी आणि छोटंसं. टेकडीवरचं महाराणी मंदिर, म्हणजे महाराजा हरिसिंगांच्या राणीनं १९१५ मध्ये बांधलेलं शिवमंदिर, जून २०२४ मध्ये आगीत जळालं, त्यामुळे जुने फोटो बघून गेलात तर तसं दिसणार नाही. सासूबाईंनी दर्शनाची आशा धरली असेल तर आधीच सांगून ठेवा.

गंडोला स्कीवाल्यांसाठीच असतो असं समजू नका. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत जातो, तीन हजार मीटरच्या थोडं वर, दहाएक मिनिटांचा प्रवास, बंद केबिन, आणि वरती चहाची दुकानं, बसायला जागा, बर्फात खेळणारी पोरं. सासूबाईंची तब्येत ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर इथपर्यंत न्यायला हरकत नाही.

एक अख्खा दिवस खाली उतरा. टंगमर्गजवळ द्रुंग नावाचा धबधबा आहे, कडाक्याच्या थंडीत तो गोठतो आणि कड्यावरून बर्फाचे सुळे लोंबकळत राहतात. त्याच बाजूला बाबा रेशींचा दर्गा आहे, पंधराव्या शतकातल्या सूफी संताचा, लाकडी बांधकाम, आणि आत इतकं शांत वाटतं की बाहेरची थंडी विसरायला होते. दोन्ही मिळून गाडीनं आरामात होतं.

बाकी स्लेज. लाकडी पाटावर तुम्हाला बसवून एक माणूस ओढत नेतो. काही जणांना ते बघवत नाही, मलाही पहिल्यांदा अवघड वाटलं होतं, पण हिवाळ्यात त्यांची कमाई तीच, त्यामुळे घ्यायची तर नीट पैसे देऊन घ्या. फक्त कुठून कुठपर्यंत, किती वेळ आणि माणशी की स्लेजमागे हे आधी ठरवा, मधेच 'वरचा पॉइंट वेगळा' सुरू होतं ते तिथेच थांबतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नवऱ्याचे फोटो काढायला उताराच्या खाली उभ्या राहू नका. पहिले दोन दिवस तो फक्त पडणार आहे, ते बघायला पंधरा मिनिटं पुरतात. दुपारच्या जेवणाची वेळ आणि जागा ठरवा, बाकी दिवस ज्याचा त्याचा. हॉटेल घेताना मात्र तुमच्या सोयीनं घ्या, त्यांच्या नाही. खोलीत हीटिंग चोवीस तास आहे की फक्त रात्री, हे फोन करून विचारा, वेबसाइटवरच्या फोटोत हे कळत नाही. खाली बुखारी (काश्मिरी शेगडी) पेटवलेली बसायची खोली असेल तर अर्धं काम झालं.

मी पुण्यात आयटीत आहे. २६ जानेवारीला जोडून चार दिवस सुट्टी मिळतेय, त्यात जाण्यायेण्यात दोन जातील. दोन दिवसांत स्की येईल का? — वाचक, पिंपळे सौदागर

येणार नाही, पण कळेल की आपल्याला ते आवडतंय की नाही. पहिल्या दिवशी बूट घालून उभं राहणं, पडून उठणं (उठणं पडण्यापेक्षा अवघड), आणि स्नोप्लाव, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून त्रिकोण करायचा आणि ब्रेक लावायचा. दुसऱ्या दिवशी त्याच त्रिकोणावर वळायला शिकाल. हे सगळं खालच्या सोप्या उतारावर, जिथे दोरीवाली ड्रॅग लिफ्ट ओढत वर नेते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक जमायला लागतं आणि नेमका तेव्हा तुमचा परतीचा विमानप्रवास असतो, म्हणून शक्य असेल तर रजा वाढवा.

खरंच शिकायचं असेल तर केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग गुलमर्गमध्येच आहे, त्यांचे कोर्स असतात, जागा लवकर भरतात. नाहीतर खासगी इन्स्ट्रक्टर घ्या. हे बहुतेक आसपासच्या गावातले, लहानपणी लाकडी फळ्या बांधून घसरायला शिकलेले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू आरिफ खान होता, तो याच टंगमर्ग भागातला, जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. तेव्हा शिकवणाऱ्याचं इंग्रजी तोडकं आहे म्हणून नाक मुरडू नका, तो उताराला तुमच्यापेक्षा जास्त ओळखतो.

महिनाभर आधीपासून स्क्वॅट्स करा, भिंतीला पाठ टेकवून अधांतरी बसायचा व्यायाम करा. स्कीमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटणं ही नेहमीची दुखापत आहे आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या मांड्या दुपारी तीनला दगा देतात. शेवटची अजून एक फेरी मारू म्हणतात ना, ती मारू नका. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद वाचा, बऱ्याच पॉलिसीत स्की 'साहसी खेळ' म्हणून वगळलेलं असतं.

एजंट म्हणतो गंडोलाची तिकिटं तो 'तिथे गेल्यावर करून देईल'. विश्वास ठेवावा का? — ठाणे

नको. तिकीट जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या साइटवर ऑनलाइन मिळतं, तारीख ठरली की लगेच काढा, सीझनला भराभर संपतात. तिथे पोचल्यावर कुणी जादा पैसे घेऊन 'रांग नको' म्हणालं तर हसून पुढे जा. एक लक्षात ठेवा, वारा किंवा बर्फवृष्टी असली की वरचा टप्पा बंद, कधी कधी दोन्ही, आणि त्यावर ना एजंटचं चालतं ना आमदाराच्या चिठ्ठीचं. म्हणून गंडोलाचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवा, बिघडला तर हातात अजून दिवस राहतात. एकाच दिवसासाठी येणाऱ्यांची निराशा होते ती इथेच.

वय ६८, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत, रोज चार किलोमीटर चालतो. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही दुसऱ्या टप्प्याला येऊ नका. तो जास्तच काळजी करतोय असं मला वाटतं. — सांगली

काका, या वेळी मुलाचं ऐका, निदान आधी डॉक्टरांचं तरी ऐका. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर साधारण ३,९८० मीटरवर नेऊन सोडतो. स्वित्झर्लंडमध्ये झेरमॅटला क्लाइन मॅटरहॉर्नवर जी केबल कार जाते ती ३,८८३ मीटरवर थांबते, म्हणजे आपली त्याहून वर! सांगलीचा माणूस विमानानं सकाळी श्रीनगर आणि दुपारी चार हजार मीटर, असं केलं तर ठणठणीत तरुणाचंही डोकं दुखतं, मळमळतं. रोज चार किलोमीटर चालणं चांगलंच आहे पण विरळ हवेला त्याचं कौतुक नसतं.

दोन रात्री गुलमर्गमध्ये काढा, भरपूर पाणी प्या, मग डॉक्टर हो म्हणाले असतील तर वर जा, आणि वर गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत खाली. दम लागला, छातीत जड वाटलं, चालताना झोक जायला लागला तर फोटो राहू दे, पहिल्या केबिननं उतरा. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या छोट्या डब्यावर भरवसा नको, उंचीच्या त्रासावर खाली येणं हाच उपाय. आणि हवा स्वच्छ असली तर वरून उत्तरेला नंगा पर्वत दिसतो, ८,१२६ मीटरचा. पण तो गुलमर्गच्या परिसरातूनही अशा दिवशी दिसतो हो काका, त्यासाठी बीपी पणाला लावायची गरज नाही.

आम्ही गोव्याचे, घरात कुणीच बर्फ बघितलेला नाही. नाताळात गेलो तर नक्की मिळेल ना? — म्हापसा

नक्की कुणीच सांगू शकत नाही, आणि नाताळात तर नाहीच. काश्मिरी हिवाळ्याचा कडक काळ म्हणजे चिल्ला-ए-कलां, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस, पण त्याच्या सुरुवातीला थंडी असते, बर्फ असेलच असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये महिना संपत आला तरी गुलमर्गचं कुरण तपकिरी होतं, आणि मग एकदम पडला. २०२५ ला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत ठरलेल्या होत्या, बर्फ नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. तेव्हा पहिल्यांदाच बघणार असाल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य धरा, मुलांच्या शाळेची दोन दिवस बुट्टी झाली तर होऊ दे.

मी म्युनिकमध्ये नोकरी करतो, दर हिवाळ्यात आल्प्समध्ये स्की करतो. आई-बाबांना घेऊन गुलमर्गला जायचंय. तिथलं स्कीइंग आल्प्सच्या तुलनेत कसं आहे? — म्युनिक

तुमच्यासारख्याचं गुलमर्गवर प्रेम बसेल किंवा चिडचिड होईल, मधलं काही नाही. आल्प्समध्ये रात्री मशिननं सपाट केलेले उतार, दर दोनशे मीटरवर पाटी, डझनावारी लिफ्ट. गुलमर्गमध्ये दोन टप्प्यांचा गंडोला, कोंगदूरीवरून मेरीज शोल्डरकडे जाणारी चेअरलिफ्ट, खाली ड्रॅग लिफ्ट, बस्स. सपाट केलेले उतार मोजकेच. लोक जगभरातून येतात ते इथल्या कोरड्या, भुसभुशीत बर्फासाठी आणि गंडोलानं थेट चार हजार मीटरवर पोचून तिथून मोकळ्या डोंगरावर उतरण्यासाठी. जंगलातून बाबा रेशींच्या दर्ग्यापर्यंत स्की करत उतरायचं आणि तिथून जीप करून परत यायचं, हे इथलं खास. 

पण मोकळा डोंगर म्हणजे हिमस्खलनाचा डोंगर. स्की पॅट्रोल (उतारांवरचं सुरक्षा पथक) गंडोलाच्या जवळचा दोरी लावून ठरवलेला भाग तपासून उघडतं, त्याच्या बाहेर गेलात की जबाबदारी तुमची. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हापतखुदला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन, सगळे परदेशातून मुद्दाम याच बर्फासाठी आलेले. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) नसेल, वापरता येत नसेल, स्थानिक गाइड नसेल, तर दोरीच्या पलीकडे जायचं नाही. नव्या बर्फानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना घाई असते, तीच सगळ्यात वाईट वेळ. आणि हे करताना आई-बाबा खाली वाट बघत असतील तर त्यांना तुमच्या गाइडचा नंबर देऊन ठेवा.

खाण्याचं काय? आम्ही कोल्हापूरचे. — कोल्हापूर

एवढंच विचारलंय म्हणजे समजलं काय विचारायचंय. मटण उत्तम मिळेल पण तांबड्या रश्श्याची अपेक्षा ठेवू नका. काश्मिरी मिरची रंगाला, तिखटाला नाही. रिस्ता, म्हणजे रश्श्यातले मटणाचे गोळे, लाल दिसतो म्हणून तोंडाला पाणी सुटेल आणि खाल्ल्यावर वाटेल अरे मिरची कुठाय. गुश्ताबा दह्यातला, तोही सौम्य. पण मटण असं कुटून कुटून लोण्यासारखं केलेलं असतं की तिखटाची आठवण दोन घासांनंतर जाते. श्रीनगरमध्ये थांबलात तर सकाळी लवकर उठून हरिसा खा, रात्रभर शिजवलेलं मटण, वर कडकडीत तेल, सोबत तंदूरची गिरदा रोटी. फक्त हिवाळ्यातच मिळतं आणि नऊ-दहाला संपतं. घरात कुणी शाकाहारी असेल तर नदरू यखनी, म्हणजे कमळाचे देठ दह्यात, आणि हाक ही पालेभाजी, दोन्ही सुंदर. राजमा-भात तर सगळीकडे आहे. नून चाय गुलाबी आणि खारट असतो, साखर विसरले असं वाटून वेटरला ओरडू नका. गोड हवं तर कहवा सांगा. तरीही ठेच्याची बाटली बॅगेत टाकाच, माझं ऐकून न्यायची राहिली असं नको व्हायला.

कपडे विकत घ्यावेत का? आमच्याकडे अमरावतीत स्वेटर पण कपाटातच असतो. — अमरावती

थर्मल, लोकरीचे मोजे, टोपी, हातमोजे हे विकत घ्या, स्वतःचे असावेत. जाड कोट, वॉटरप्रूफ पँट आणि गमबूट भाड्यानं मिळतात, बरेच जण टंगमर्गला गाडी थांबली की घेतात. भाड्याचा बूट घालून दोन पावलं चालून बघा, आतून ओला आहे का हात घालून बघा, लाजू नका. जीन्स नको, भिजली की दिवसभर गार कापड पायाला चिकटून राहतं. स्कीच्या बुटात दोन जोड्या मोजे घालायचा मोह होतो, पण एकच बारीक लोकरीचा, दोन घातले की रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. गॉगल आणि सनस्क्रीन थंडीत कशाला असं वाटेल, पण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, संध्याकाळी नाक भाजलेलं आणि डोळे चुरचुरत असतात.

सुरक्षित आहे का? घरचे नाही म्हणतात. — डोंबिवली

घरच्यांना दोष देता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं त्यात डोंबिवलीची माणसं गेली, ते तुमच्या गावाला मी काय सांगू. त्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं बंद केली होती, मग टप्प्याटप्प्यानं उघडली. निघण्याच्या आठवड्यात कुठलं ठिकाण उघडं आहे ते बघा, तिकीट-हॉटेल रद्द करता येईल असं घ्या, आणि घरातल्या एकाचंही मन घेत नसेल तर या वर्षी नका जाऊ. यात कुणाला पटवत बसू नये.

मुंबईहून जायचं-यायचं कसं, आणि बर्फामुळे अडकलो तर? — दोन-तीन वाचक

मुंबई-श्रीनगर विमान, तिथून टंगमर्ग रस्त्यानं, आणि शेवटचा १३ किलोमीटरचा चढ बर्फ असेल तेव्हा चेन लावलेल्या गाडीनं. तुमची श्रीनगरची टॅक्सी टंगमर्गला थांबवून दुसरी घ्यायला लावली तर ती फसवणूक नाही, चेन नसलेली गाडी पोलीसच वर सोडत नाहीत. भाडं मात्र बसण्याआधी ठरवा.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री गुलमर्गमध्ये राहू नका, श्रीनगरला या. बर्फ पडायला लागला की आधी हा घाट बंद होतो आणि मग विमानं. आता जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झालीय, चिनाब पुलावरून जाते, तीन तासांत कटरा. कटऱ्याहून मुंबईला वांद्र्याची स्वराज एक्सप्रेस आहे. म्हणजे विमान रद्द झालं तर हा रस्ता आहे, अर्थात त्या दिवशी सगळेच तिकडे धावणार, तेव्हा ऑफिसात एक दिवस जास्तीचा सांगूनच निघा.

आणि हो, आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. चौघांत निदान दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या, एक स्कीवाल्या पार्टीकडे आणि एक न-स्कीवाल्या पार्टीकडे, नाहीतर दुपारच्या जेवणाला एकमेकांना शोधत बसाल.